ट्रेलरवरून नाव नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोसीखुर्द धरणाचं बॅकवॉटर पसरलं तसे पवनी-भंडारा पट्ट्यात नावेचे ट्रेलर दिसू लागले. त्याआधी डोंगा एकतर काठालाच बांधलेला असायचा, नाहीतर बंडीवर (बैलगाडीवर) घालून या तलावावरून त्या तलावावर जायचा. आता फायबरच्या नावा आहेत, त्यांना इंजिनं आहेत आणि मासेमारी संस्था एकाच नावेवर दोन-तीन तलाव करतात. पावसाळ्यात तहसीलच्या बचाव नावाही याच रस्त्यांनी पळतात. ट्रेलर बनवून न्यायला आणि दुरुस्तीला येणारी मंडळी जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे.

घरी शेतीची ट्रॉली आहेच. तिच्यातच नाव टाकून नेली तर चालते ना भाऊ?

चार-पाच किलोमीटर, ट्रॅक्टर हळू, दिवसाउजेडी असेल तर लोक नेतात. आम्ही नाही म्हटलं तरी नेतीलच. पण त्यात काय बिघडतं ते नीट समजून घ्या. दहा फुटांच्या ट्रॉलीत अठरा फुटांची नाव घातली की मागचा फाळका उघडा ठेवावा लागतो आणि नावेचा मागचा भाग, म्हणजे जिथे इंजिन बसतं तो सगळ्यात जड भाग, ट्रॉलीबाहेर लोंबतो. एका ॲक्सलची ट्रॉली असेल तर ती मागे झुकते आणि दांडी हुकवर दाबून बसण्याऐवजी हुकला वर उचलायला लागते. खड्ड्यात चाक आदळलं की पिनवर उलटा झटका बसतो.

दुसरी गोष्ट तणसाची, म्हणजे धानाच्या पेंढ्याची. नाव टेकवायला खाली तणसाचे भारे घालायची आपल्याकडे जुनी पद्धत आहे. निघताना दोर ताणून बांधलेले असतात, नाव हलत नाही. आठ-दहा किलोमीटर हादरे बसले की तणस दबतं, नाव चार बोटं खाली बसते आणि तेच दोर ढिले होऊन लोंबायला लागतात. मागे वळून कुणी बघत नाही. तणसच वापरायचं असेल तर पहिल्या गावाला थांबून दोर पुन्हा आवळा. नियमित ने-आण असेल तर नावेच्या तळाच्या आकाराच्या लाकडी फळ्या, वर जाड रबर किंवा जुनं कार्पेट लावलेला वेगळा ट्रेलरच करून घ्या.

हुकवर भार किती पाहिजे? आणि तो मोजायचा कसा?

ट्रेलरबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. नाव, इंजिन, जाळी, पेट्रोल आणि ट्रेलर या सगळ्यांचं मिळून जे वजन, त्याच्या साधारण दहा टक्के भार हुकवर दाबला गेला पाहिजे. थोडं इकडे-तिकडे चालतं, पण पाच टक्क्यांच्या खाली गेलं की ट्रेलर रस्त्यावर डुलायला लागतो, आणि पंधराच्या वर गेलं की ओढणारी गाडी मागे बसते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग नीट ऐकत नाही.

उदाहरण घ्या. ट्रेलर २५० किलो, नाव ३५० किलो, इंजिन ४० किलो, पंचवीस लिटर पेट्रोलची टाकी डब्यासकट वीसेक किलो, जाळी, नांगर, बर्फाची पेटी मिळून १४० किलो. एकूण ८०० किलो. म्हणजे हुकवर ८० किलोच्या आसपास पाहिजे.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. धान मोजायचा प्लॅटफॉर्म काटा गावात कुणाकडे तरी असतोच. सपाट जागा बघा, ट्रेलरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, काट्यावर लाकडी ठोकळा उभा करा आणि ट्रेलरची दांडी गाडीला जोडल्यावर जितकी उंच असते तितक्याच उंचीवर त्या ठोकळ्यावर टेकवा. ठोकळ्याचं वजन वजा करा, राहिला तो हुकवरचा भार. एकूण वजन राइस मिलच्या धरमकाट्यावर करून घ्या. हे करताना जाळी आणि टाकी जशी रस्त्यावर नेणार तशीच नावेत ठेवायची. रिकाम्या नावेचा हिशेब उपयोगाचा नाही. ओली जाळी कोरड्या जाळीपेक्षा बरीच जड असते, म्हणून परतीचं वजन जास्त धरा.

भार कमी भरला तर सामान पुढे सरकवा. तेवढ्यानं भागलं नाही तर विंचचा (नाव ओढून घ्यायच्या चरखीचा) खांब पुढे घेऊन नाव पुढे ओढा, किंवा यू-बोल्ट ढिले करून ॲक्सल मागे सरकवा. दांडीवर दगड किंवा वाळूचं पोतं बांधणारेही दिसतात. काट्यावर आकडा बरोबर येतो, पण ते पोतं रस्त्यात सुटतं किंवा फुटतं आणि पुन्हा तेच.

चालता चालता ट्रेलर शेपटीसारखा डुलायला लागला तर काय करा लागते?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढा आणि स्टिअरिंग सरळ धरून ठेवा. बस्स. जोरात ब्रेक मारला तर ट्रेलर गाडीला ढकलत आडवा होतो. वेग वाढवून ‘ओढून सरळ करू’ म्हणणारेही भेटतात, त्यांचं ऐकू नका. स्टिअरिंग उलटसुलट फिरवून तो झोका मोडता येत नाही, उलट वाढतो. वेग उतरला की डुलणं आपोआप थांबतं. मग कडेला थांबा आणि सामान पुढे घ्या. तसंच पुढे निघालात तर तो पुन्हा डुलणार, कारण भार तिथेच आहे.

नागपूर-रायपूर महामार्गावर मोठा ट्रक शेजारून गेला की त्याच्या हवेनं रिकामा, हलका ट्रेलरही हेलकावतो. ट्रक मागून येताना दिसला की आधीच वेग कमी करा.

ट्रॅक्टर बरा की बोलेरो?

काठावर ट्रॅक्टर, रस्त्यावर बोलेरो. गाळात, उतारावर, मे महिन्यात पाणी आटून अर्धा किलोमीटर मागे गेलेलं असताना ट्रॅक्टरला पर्याय नाही. पण तीस-चाळीस किलोमीटर जायचं असेल तर ट्रॅक्टरवर चालकाचे हाल होतात आणि मागची रांग वैतागून धोक्याचे ओव्हरटेक करते.

बोलेरोसारख्या चेसिसवर बांधलेल्या गाडीला हुक लावायचा तर चेसिसला नटबोल्टनं लावा, बंपरला वेल्डिंग करून नाही. ती गाडी किती वजन ओढू शकते हे तिच्या पुस्तिकेत असतं. तो आकडा ट्रेलरसकट वजनाचा असतो, नुसत्या नावेचा नाही. ब्रेक नसलेला ट्रेलर मागे असेल तर थांबायला लागणारं अंतर खूप वाढतं. पुढची गाडी एखाद्या झाडाजवळून गेली की मोजायला लागा; चार मोजून व्हायच्या आत आपण त्या झाडाशी पोचलो तर फार जवळ आहोत.

घाटात, म्हणजे मेळघाटाकडे गेलात तर, उतरताना चढाला जो गिअर लागला असता तोच ठेवा. सतत ब्रेकवर पाय ठेवला तर ब्रेक तापून धरेनासे होतात.

पिन आहे, कपलरला (गाडी-ट्रेलरच्या जोडाला) कुलूप आहे. मग साखळी काहून?

कारण पिन निघते. ट्रॅक्टरच्या पिनला खालून क्लिप नसेल, तर गतिरोधकावर उसळी मारून ती वर येते. हे पाहायला कुठे लांब जावं लागत नाही, हंगामात धानाच्या ट्रॉल्यांचं होतंच.

दोन साखळ्या घ्या आणि दांडीच्या खालून एकमेकींना छेदून गाडीला लावा. डावी साखळी उजवीकडे, उजवी डावीकडे. हुक सुटला तर दांडी त्या फुलीत अडकून लोंबते, डांबरात घुसत नाही. वळताना ताण येणार नाही इतक्या लांब ठेवा, पण रस्त्याला घासणार नाहीत इतक्याच. घासत असतील तर पीळ देऊन आखूड करा. कपड्यांच्या दोरीएवढ्या बारीक साखळ्या लावून फायदा नाही.

नाव बांधायची कशानं? आम्ही तर नायलॉनचा दोर वापरतो.

नायलॉन ओला झाला की ताणला जातो. जाळ्याला ते चालतं, रस्त्यावर नाही. रॅचेटचे, म्हणजे दांडा मागेपुढे करून ताणायचे पट्टे घ्या. किमान तीन जागी बांधा. पुढे विंचचा पट्टा आणि त्याच जागी एक वेगळी साखळी, मागे डाव्या-उजव्या बाजूंना एकेक पट्टा थेट ट्रेलरच्या चौकटीला. विंच ही नाव ओढून घ्यायला असते, अडकवून ठेवायला नाही. तिचा दात सरकला तर साखळी नाव धरते.

पट्टा जिथे फायबरच्या काठावरून जातो तिथे खाली जुन्या ट्यूबचा तुकडा घाला, नाहीतर काठही चिरतो आणि पट्टाही. सपाट पट्टा वाऱ्यात भुंगा अडकल्यासारखा गुणगुणतो, त्याला एक पीळ दिला की आवाज थांबतो. उन्हात पांढरे पडून खरखरीत झालेले पट्टे टाकून द्या. विदर्भाचं ऊन पट्ट्याला माणसापेक्षा आधी म्हातारं करतं.

लाकडी डोंगा गोल बुडाचा असतो, त्याला दोन्ही बाजूंनी पाचर लागते. हलका पत्र्याचा डोंगा मात्र पिकअपवर उलटा टाकून पुढून-मागून बांधला तर उत्तम जातो, त्याला ट्रेलर लागतच नाही.

इंजिन नावेला लावूनच नेलं तर?

छोटं इंजिन काढून गाडीत झोपवणं सगळ्यात चांगलं. मागचा भार कमी होतो आणि चोरीची भीतीही. लावूनच न्यायचं असेल तर वर उचलून खाली लाकडी टेकण द्या. नुसत्या इंजिनच्या स्वतःच्या खुंटीवर भरवसा ठेवू नका, हादऱ्यांनी ती तुटते आणि नावेच्या मागच्या फळीला तडा जातो. खाली सोडलेलं ठेवलं तर पंखा गतिरोधकावर घासतो, हे सांगायला नको.

नावेच्या तळाचं बूच रस्त्यात काढावं की ठेवावं?

काढावं. पाऊस लागला आणि बूच बसवलेलं असेल तर नावेत पाणी साचतं. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, आणि ते पाणी दर ब्रेकला पुढे-मागे सळसळतं. हुकवरचा सगळा हिशेब त्यानं मोडतो. बूच सुतळीनं स्टिअरिंगला किंवा विंचच्या हँडलला बांधा, म्हणजे पाण्यात उतरवायच्या आधी हाताला लागेल.

बेअरिंग दर वर्षी जाते. ग्रीस तर भरतो आम्ही.

ग्रीस भरता, पण गरम हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, थंड पाण्यात बुडवता. चालून आलेला हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो एकदम पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. हब उघडला की ग्रीस ताकासारखं पांढरट झालेलं दिसतं. ते पाणी बेअरिंगला गंज चढवतं, आणि मग कुठेतरी साकोलीच्या पुढे भर उन्हात चाक किरकिरायला लागतं.

उपाय दोन. काठावर पोचल्यावर लगेच पाण्यात घालू नका. पट्टे, इंजिन, बूच ही कामं आधी उरका, तोवर हब निवतो. आणि शक्य असेल तिथे हब बुडूच देऊ नका. हलकी नाव चाकं अर्धी पाण्यात गेली तरी माणसांनी ढकलून उतरते.

वाटेत थांबाल तेव्हा हाताची उलटी बाजू दोन्ही हबांजवळ नेऊन बघा. कोमट ठीक. एक कोमट आणि दुसरा हात धरवेना इतका तापलेला, तर तो दुसरा आज नाहीतर उद्या जाणार. जॅकवर चाक उचलून हातानं फिरवा आणि वर-खाली धरून हलवा. खडखड लागली की नट फार ढिला आहे किंवा बेअरिंग खाल्लेलं आहे. ग्रीस भरताना जुनं पूर्ण पुसून काढा, सील नवं घाला. सीलला फार पैसे लागत नाहीत.

टायरमध्ये हवा किती?

टायर थंड असताना, सकाळी निघायच्या आधी भरा. टायरच्या बाजूवर लिहिलेला आकडा हा कमाल असतो, त्याच्या वर जाऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा हवा काढून टाकायची सवय अनेकांना आहे. ती उलटी पडते: कमी हवेचा टायर जास्त दबतो, जास्त तापतो आणि फुटतो. चाक बदललं असेल तर तीस-चाळीस किलोमीटरवर नट पुन्हा आवळा. स्टेपनी आणि ट्रेलरच्या उंचीला बसणारा जॅक दोन्ही बरोबर असू द्या.

रिव्हर्स घेताच येत नाही.

हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ट्रेलरचा मागचा भाग ज्या बाजूला न्यायचा, त्याच बाजूला हात सरकवा. थोडं सरकवा, थांबून बघा, परत थोडं. ट्रेलर जितका आखूड तितका तो पटकन दुमडतो. दुमडला की हट्टानं मागे रेटू नका, पुढे जाऊन सरळ करून परत घ्या. आठवडी बाजाराचं मैदान बाजार नसलेल्या दिवशी मोकळं असतं. तिथे दोन विटा ठेवून त्यांच्यामधून घ्यायचा सराव करा. काठावर वीस जण हातवारे करून सांगतात तेव्हा एकालाच सांगायला ठेवा, बाकीच्यांना चहाला पाठवा.

आमच्या तलावावर नीट उतारच नाही, नुसता गाळ.

बहुतेक मामा (माजी मालगुजारी) तलावांची हीच गत आहे. बांधाच्या बाजूनं उतार तीव्र, आतल्या बाजूनं गाळ. नवेगावबांध किंवा इटियाडोहसारख्या मोठ्या पाण्यावरही मे महिन्यात पाण्याची रेघ खूप मागे जाते. आधी पायी जाऊन काठी रोवून बघा. काळी माती वरून वाळलेली, भेगाळलेली दिसते आणि चार बोटांखाली लोणी असते. गाडी कडक जागेवर उभी ठेवा, ट्रेलर सोडून लांब दोरानं गाडीला बांधा आणि माणसांनी तो पाण्यापर्यंत न्या. दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही. तुटलेला दोर किंवा सुटलेलं शॅकल (दोर अडकवायची लोखंडी कडी) माणसाचा पाय मोडतं.

उतारावर गाडी असेल तर हँडब्रेक, पहिला गिअर आणि मागच्या चाकांना दगड. चालकानं आपला सीटबेल्ट सोडून काच खाली ठेवावी. दिव्यांचं सॉकेट पाण्यात जायच्या आधी काढावं, नाहीतर फ्यूज जातो. आणि मागचे पट्टे वर सोडले तरी विंचचा पट्टा आणि साखळी पाण्याशी पोचेपर्यंत सोडू नका. नाव उतारावर एकटी घसरली तर तिला धरायला जाऊ नये.

फसलेला ट्रेलर ट्रॅक्टरनं ओढताना ट्रॅक्टर पुढून उचलला जातो. काय चुकते?

साखळी वर लावलेली असते. मागच्या ॲक्सलच्या उंचीवर किंवा त्याहून वर, टॉप लिंकला (अवजार जोडायच्या वरच्या दांडीला) साखळी बांधून जोर लावला की चाकं गाळात रुततात आणि ट्रॅक्टर स्वतःच मागे उलटायला बघतो. सेकंदाचा खेळ असतो, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही. साखळी नेहमी खालच्या ड्रॉबारला, म्हणजे ओढायच्या खालच्या दांड्याला. शक्य असेल तर गाळातून ट्रॅक्टर पुढे काढायच्या ऐवजी चाकांखाली फळ्या घाला, नाव रिकामी करा आणि मग हळू क्लच सोडा. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर त्या वेळी कुणीही बसलेलं नको.

कागदपत्रं काय लागतात?

मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणे ट्रेलर हे वेगळं वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी होते. त्याच्या मागे ओढणाऱ्या गाडीचा नंबरही दिसायला हवा. वाहनाची रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त नको. लोड बाजूनं, मागे किंवा उंचीनं मर्यादेबाहेर गेला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दंड २०,००० रुपये आहे, शिवाय माल उतरवायचा खर्च तुमचा. वेल्डिंगच्या दुकानात बनवलेला ट्रेलर आपोआप कायदेशीर होत नाही. बनवायच्या आधी आरटीओत, भंडारा एमएच ३६ किंवा गोंदिया एमएच ३५ जे तुमचं असेल तिथे, आराखडा दाखवून विचारा. बनवून झाल्यावर विचारणाऱ्यांना वेल्डिंग दोनदा करावं लागतं. विम्यात ट्रेलरची नोंद आहे का तेही एजंटला स्पष्ट विचारा. ट्रॅक्टरचा विमा आहे म्हणजे मागच्याचाही आहे, असं धरून चालू नका.

पहाटे चार वाजता मासळी घेऊन निघायचं असते. अंधारात न्यावं का?

न्यायचं तर मागचे दिवे, ब्रेक लाईट, इंडिकेटर चालू पाहिजेत. नाव मागे बाहेर आलेली असेल तर तिच्या टोकालाही लाल रिफ्लेक्टर, दिवसा लाल फडकं. आपल्या रस्त्यांवर रात्री डांबरावर बसलेली गुरं असतात, बिनदिव्याच्या बंड्या असतात, जंगलपट्ट्यात रानडुकरं आणि रोही (नीलगायी) आडवे येतात. एकट्या गाडीला जितक्या जागेत थांबता येतं तितक्यात ट्रेलरसकट थांबता येत नाही, म्हणून हेडलाईटच्या उजेडात जेवढं दिसतं त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग.

पुराच्या वेळी बचाव नाव घाईनं न्यावी लागते. तेव्हाही हे सगळं बघत बसायचं?

तेव्हाच तर बघायला वेळ नसतो, म्हणून मे महिन्यात बघून ठेवायचं. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला पूर आला तेव्हा भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत नावांची धावपळ झाली. वर्षभर शेडमध्ये उभ्या असलेल्या ट्रेलरचे टायर बसलेले असतात, बेअरिंग गंजलेलं असतं. पावसाळ्याआधी नाव चढवून दहा किलोमीटर फिरवून आणा, इंजिन पाण्यात चालू करून बघा.

रपट्यावरून (नाल्यावरच्या बुटक्या पुलावरून) पाणी वाहत असेल तर ट्रेलर घालू नका. नाव ही तरंगायलाच बनलेली असते. पाणी चाकाच्या वर आलं की ती ट्रेलरला उचलते आणि गाडीला आडवं खेचते.

पोरं नावेत बसून यायचं म्हणतात.

नाही. रस्त्यावर ट्रेलरवरच्या नावेत कुणीही बसायचं नाही. पडण्याची भीती आहेच, शिवाय गावातल्या विजेच्या तारा खाली लोंबतात आणि उंच ट्रॉलीवरच्या नावेत उभ्या माणसाचा हात तिथे सहज पोचतो. गणपती विसर्जनाला नाव नेताना हे हमखास होतं.

एका तलावातून दुसऱ्यात नेताना धुवावीच लागते का?

लागते. नाग नदीचं सांडपाणी कन्हानमार्गे गोसीखुर्दच्या पाण्यात येतं आणि जलपर्णी तिथे फोफावते. तिचा एक तुकडा ट्रेलरच्या फळीत अडकून तुमच्या गावच्या तलावात पोचला की पुढची कित्येक वर्षं जाळं टाकायला जागा शोधावी लागेल. भंडारा-गोंदियात ढिवर बांधवांनी आणि बायांनी तलावातून बेशरमाची झुडपं उपटून काढायला किती राबावं लागलं ते आठवा. फळ्या, चाकं, इंजिनचा पंखा यांतली झाडं हातानं काढा, नावेतलं पाणी तिथल्या तिथेच ओता आणि उन्हात कोरडी होऊ द्या. ऊन आपल्याकडे फुकट आहे.

काम नसताना ट्रेलर कसा ठेवायचा?

सावलीत. नाव वर असेल तर पुढचं टोक थोडं उंच आणि बूच काढलेलं, म्हणजे पाणी साचणार नाही. पट्टे थोडे सैल करा. स्प्रिंगच्या पाट्यांना आणि विंचच्या दातांना तेलाचा हात फिरवा. तीन-चार महिने हलवणार नसाल तर ॲक्सलखाली ओंडके देऊन चाकं उचला. विटा लावू नका, भारानं त्या एका बाजूनं फुटतात.